मांडणी आधी की मोजणी आधी?

गेल्या वर्षी चैत्रात आमच्या लष्करातल्या जुन्या वाड्यात एक लहानसा गृहकलह झाला. भाऊबंदकीची भांडणे या वाड्याने पुष्कळ पाहिली आहेत. परसातल्या विहिरीवरून झाली, देवघराच्या किल्लीवरून झाली, एकदा तर चिंचेच्या झाडाच्या फांदीवरून तीन वर्षे दोन घरांत बोलणे बंद होते. पण या वेळचे कारण मात्र वाड्याला सर्वस्वी नवे होते. वाद होता तो वाइनच्या बाटल्या ठेवण्याच्या मांडणीवरून.

माझा पुतण्या पंधरा वर्षे पुण्यात संगणकाची नोकरी करीत होता. आता तेच काम घरबसल्या करता येते म्हणून सूनबाईंना घेऊन तो ग्वाल्हेरला परत आला. वाडा पुन्हा नांदता झाला याचा आनंद आम्हां सर्वांनाच झाला. पुण्यात असताना नाशिककडे जाण्या-येण्यातून त्याला वाइनची हौस लागली होती. एके दिवशी त्याने मोबाइलवर मला मांडण्यांची चित्रे दाखविली. मागून दिवे लावलेल्या, काचेच्या दारांच्या, छतापर्यंत चढलेल्या. "काका, आपलं तळघर नुसतं पडून आहे. तिथे तीनशे बाटल्यांची मांडणी बसेल. यातली कोणती घेऊ, तेवढं सांगा."

हे वहिनींच्या कानावर गेले. त्या मला म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही तरी सांगा त्याला. ज्या तळघरात सासूबाईंच्या लोणच्याच्या बरण्या आहेत, तिथे दारूची मांडणी?"

दोघांनीही मलाच पंच नेमले. मी स्वतः घेत नाही, आणि आयुष्य दुसऱ्यांचे हिशेब तपासण्यात गेले. एवढीच काय ती माझी पात्रता. मी आठ दिवसांची मुदत मागितली आणि प्रत्यक्षात सहा महिने घेतले. त्या सहा महिन्यांत माझे जे मत बनले ते आज वाचकांपुढे ठेवतो. कारण हा प्रश्न आता आमच्या एकट्याच्या वाड्याचा उरलेला नाही. आपल्या जुन्या घरांतली पुणे-मुंबईकडे किंवा परदेशी राहून आलेली मुले ही हौस बरोबर घेऊन येतात, आणि घरातली वडीलधारी मंडळी एक तर संतापतात, नाही तर न पाहिल्यासारखे करतात. दोन्ही चुकीचे आहे असे मला वाटते.

माझे मत थोडक्यात असे : घरात बाटली येणारच असेल तर तिला उघड, ठरलेली जागा हवी. पण त्या जागेची निवड सर्वांत शेवटी करावयाची असते. आधी मोजणी, मग मांडणी.

पहिली मोजणी उन्हाची. आमच्या तळघराविषयी सर्वांचा समज असा की ते थंडगार आहे. मे महिन्यात दुपारी आम्ही भावंडे तिथे सतरंज्या टाकून झोपत असू. वर पंचेचाळीस अंशांचा वणवा, दाराला वाळ्याच्या ओल्या ताट्या, आणि खाली तो दगडी गारवा! तेव्हा वाइनला याहून चांगली जागा कोणती, असे पुतण्याला वाटले तर नवल नाही. पण मी तिथे एक थर्मामीटर टांगला आणि वहीत आकडे लिहू लागलो. मे महिन्यात पारा २९ अंशांवर होता. श्रावणातही २९ आणि दसऱ्याला २७. पंचेचाळिसातून उतरणाऱ्या माणसाला एकोणतीस म्हणजे स्वर्ग. पण वाइन काही उन्हातून चालत आलेली नसते. तिला वर्षानुवर्षे ठेवायची तर बारा-तेरा अंश मानवतात, आणि तेही बारा महिने एकसारखे.

यात तळघराचा काही अपराध नाही. जमिनीच्या पोटात थोडे खोल गेले की तिथले तापमान त्या गावच्या वर्षभराच्या सरासरीजवळ येऊन स्थिरावते. फ्रान्समधल्या गावांची सरासरीच मुळी दहा-बारा अंशांची. म्हणून तिथल्या शेतकऱ्याने जमीन खणली की त्याला आयते वाइनचे तळघर मिळते. ग्वाल्हेरची सरासरी त्याच्या दुपटीहून अधिक आहे. आपण कितीही खोल खणले तरी आपल्या जमिनीला जे ठाऊक नाही ते ती कोठून देणार? म्हणजे तीनशे बाटल्या तिथे वर्षानुवर्षे ठेवायच्या तर भिंतींना आतून उष्णतारोधक फळ्यांचे अस्तर हवे, ओल अडविणारा थर हवा आणि रात्रंदिवस चालणारे शीतयंत्र हवे. चित्रांतल्या मांडण्यांमागे ही सारी व्यवस्था असते. चित्रात ती दिसत नाही एवढेच.

दुसरी मोजणी बाटल्यांची. मी पुतण्याला विचारले, "तुम्ही दोघे आठवड्याला किती बाटल्या संपवता?" तो म्हणाला, "फार तर एक." मी म्हटले, "वर्षाच्या बावन्न झाल्या. तीनशे संपायला जवळजवळ सहा वर्षे लागतील. तुझी वाइन सहा वर्षे टिकते का?" तो प्रामाणिक मुलगा आहे. त्याने मान्य केले की, आपल्याकडे मिळणारी बहुतेक वाइन लवकर पिण्यासाठीच केलेली असते. पांढरी वर्ष-दोन वर्षांत आणि तांबडी दोन-तीन वर्षांत संपविलेली बरी. ठेवून ठेवून चांगली होणारी वाइन जगातही थोडी आणि फार महाग. सगळीच वाइन जुनी झाली की सुधारते हा समज कादंबऱ्यांनी पसरविला. लोणच्याला मुरावे लागते म्हणून कोशिंबिरीलाही मुरत ठेवावे, असाच हा न्याय झाला!

तीनशे बाटल्यांचे वजनही मी काढले. पाऊण लिटरची भरलेली बाटली सरासरी सव्वा ते दीड किलो भरते. म्हणजे तीनशेचे चार क्विंटल. दगडी जमिनीवर ते पेलेल. पण ज्यांच्या माडीच्या तुळया शंभर वर्षांच्या आहेत त्यांनी वरच्या मजल्यावर अशी हौस करण्यापूर्वी मिस्त्रीला विचारावे.

तिसरी मोजणी कायद्याची. ही कोणी करीत नाही. घरात किती मद्य ठेवावे याला प्रत्येक राज्याच्या अबकारी नियमांनी मर्यादा घातलेली असते. आपल्या मध्य प्रदेशात २०२२ च्या धोरणाने ही मर्यादा वाढविली, आणि ज्यांचे वार्षिक उत्पन्न किमान एक कोटी आहे त्यांच्यासाठी घरगुती बारचा परवाना काढला. आमच्या घरात कोटी हा शब्द फक्त रामनाम लिहिताना ऐकू येतो. तेव्हा तो मार्ग बंद. शिवाय ही धोरणे वर्षावर्षाला बदलतात. माझी आतेबहीण बडोद्याला असते. गुजरातेत दारूबंदी, त्यामुळे तिथे हा प्रश्नच उद्भवत नाही. तिने फोनवर हसत मला सांगितले, "आमच्याकडे मांडणी आहे, पण ताकाच्या गंजांची." सांगायचे तात्पर्य, सुताराला बोलावण्यापूर्वी चालू वर्षाचा नियम विचारून घ्यावा. मांडणीला घरे किती असावीत हे सुतार ठरवीत नाही. ते आपली गरज आणि सरकारचा नियम यांतली लहान संख्या ठरविते.

आमची संख्या चोवीस ठरली. तीनशेवरून चोवीस! पुतण्याचा चेहरा उतरला खरा. पण हिशेबापुढे तो नमला.

आता मांडणीकडे येतो. मांडणीचे प्रकार मी पाहिले ते मुख्यतः चार. एक, भिंतीला लोखंडी खुंट्या मारून त्यांवर बाटल्या आडव्या टेकवायच्या. हा दिसायला सर्वांत देखणा, कारण बाटलीवरची चिठ्ठी समोर दिसते. पुतण्याने मला न विचारता अशी नऊ बाटल्यांची मांडणी आणून तळघराच्या भिंतीला लावली होती. आमच्या भिंती चुन्याच्या आणि त्यांना लोणा लागलेला. तिसऱ्या आठवड्यात एका रात्री खुंट्या गिलाव्यासकट खाली आल्या. विकणाऱ्याला मी दोष देत नाही; त्याने आमची भिंत पाहिली नव्हती, आम्ही तर तिच्यात जन्मलो होतो. सकाळी वहिनी बरणी काढायला उतरल्या तेव्हा फरशीवर लाल पाणी आणि काचा. त्या कोणाला काही बोलल्या नाहीत. काचा वेचून त्यांनी स्वतःच फरशी पुसली. त्यांच्या न बोलण्याने पुतण्या जितका ओशाळला तितका माझ्या साऱ्या उपदेशाने ओशाळला नसता.

दुसरा प्रकार चौकटीत तिरप्या फळ्या घालून केलेल्या मोठ्या खणांचा. एकेका खणात डझनभर बाटल्या रचता येतात. एकाच जातीच्या पुष्कळ बाटल्या घेणाऱ्यांना तो सोयीचा. पण निरनिराळ्या बाटल्या असतील तर नेमकी हवी ती तळाशी असते, आणि ती काढायला वरचा सगळा ढीग हलवावा लागतो.

तिसरा प्रकार भाजलेल्या मातीच्या नळांचा. हा मला मनापासून आवडला. माती कुजत नाही, तिला वाळवी लागत नाही, तिला रंग-पॉलिश लागत नाही, आणि ती तापते-निवते सावकाश. मात्र नळ गोल असल्याने त्यांना भक्कम चौकट हवी, नाही तर सारी रचना घरंगळते.

चौथा प्रकार साधा, प्रत्येक बाटलीला एक घर असलेल्या लाकडी मांडणीचा. आम्ही अखेर हाच घेतला. सुताराला मापे मी लिहून दिली, ती इथेही देतो. सरळ खांद्याची नेहमीची बाटली सुमारे साडेसात सेंटिमीटर जाड असते. उतरत्या खांद्याची त्याहून फुगीर आणि फेसाळ वाइनची तर नवाच्या आसपास. म्हणून घर आतून दहा सेंटिमीटर चौरस ठेवावे. आठाचे केले तर निम्म्या बाटल्या आत जात नाहीत, आणि हा शोध मांडणी तयार झाल्यावर लागतो! खोली तीस सेंटिमीटर. सहा घरांच्या चार ओळी, मधल्या फळ्या दोन सेंटिमीटरच्या. म्हणजे सारी मांडणी पाऊण मीटर रुंद आणि अर्धा मीटर उंच. एवढ्या मांडणीला तळघरातला दगडी कट्टा पुरला. भिंतीपासून चार बोटे अंतर सोडले, म्हणजे ओल लागत नाही आणि वाळवीने वाट काढली तर ती डोळ्यांना दिसते. पाण्याच्या पंपाची मोटर होती तिच्यापासून दूरचा कोपरा निवडला, कारण सततची थरथर वाइनला मानवत नाही. दिवे लावले नाहीत. उजेडाने, विशेषतः उन्हाने, पांढऱ्या काचेतली वाइन लवकर बिघडते. तिला अंधारच हवा.

बाटली आडवी का ठेवायची, हे वहिनींनीच मला विचारले. बुचाच्या बाटलीचे बूच आतून ओले राहावे म्हणून. ते एका जातीच्या ओक वृक्षाच्या सालीचे असते. सुकले की आकसते आणि हवा आत शिरते. आपला मे महिना अंगणातल्या दोरीवर ओले धोतर पाच मिनिटांत सुकवितो. बुचाचे काय होईल ते सांगायला नको. मात्र आता पुष्कळ भारतीय वाइन फिरकीच्या झाकणात येते. तिला आडवे निजविण्याचे कारण नाही; ती साध्या फळीवर उभी राहिली तरी चालते. म्हणजे मांडणी घेण्यापूर्वी आपल्या बाटल्यांची झाकणेही मोजावीत. कदाचित मांडणीची गरजच निम्मी होईल.

लाकडावरून मात्र घरात पुन्हा वाद झाला, आणि तिथे मला एक जुनी गोष्ट काढावी लागली.

आमच्या तळघरात आजोबांच्या काळचे एक सागवानी फडताळ आहे. त्यात मोडीतल्या हिशेबाच्या वह्या असत. पुतण्याची कल्पना अशी की, हे फडताळ मोडून त्याच्या लाकडाची मांडणी करावी; जुने लाकूड, जुन्या घराची आठवण, सारेच साधेल. मी प्रथम शास्त्रातले कारण सांगितले. त्या फडताळाला वाळवी लागू नये म्हणून सत्तर-ऐंशी वर्षांत काय काय औषधे पाजली गेली याची नोंद नाही. लाकडाच्या अशा कित्येक जुन्या औषधांत क्लोरिनची संयुगे असत. त्यांवर दमट जागी बुरशी चढली की ट्रायक्लोरोॲनिसोल नावाचे एक द्रव्य तयार होते. ते अत्यल्प असले तरी वाइनला ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो, आणि तळघरात ते एकदा भिनले की निघता निघत नाही. म्हणून मांडणीला जुने, औषध पाजलेले लाकूड वापरू नये. नवे सागवान घ्यावे, पॉलिश करू नये, आणि त्या जागी क्लोरिनच्या पावडरीने फरशी धुऊ नये. देवदारासारखे उग्र वासाचे लाकूडही नको. वहिनींना यातून एक हत्यार मिळाले. त्यांनी विचारले, "मग लोणच्याचा वास चालतो का?" मी सांगितले की तोही चालत नाही, बरण्या आणि बाटल्या दोन टोकांना असाव्यात. शास्त्र आणि सोवळे एका बाजूला येण्याचा प्रसंग आमच्या घरात क्वचितच येतो, तो त्या दिवशी आला.

पण फडताळ न मोडण्याचे माझे खरे कारण निराळे होते, आणि ते मी त्याला नंतर एकट्याला सांगितले.

माझे धाकटे काका, म्हणजे त्याच्या आजोबांचे धाकटे भाऊ, पीत असत. ही गोष्ट घरात सर्वांना ठाऊक होती आणि कोणीही ती कधी उच्चारली नाही. त्यांची बाटली त्या फडताळात, तिसऱ्या खणातल्या वह्यांच्या मागे असे. मी दहा वर्षांचा असताना पतंगाचा मांजा शोधताना ती मला सापडली. मी ती माईला दाखविली. माईने ती माझ्या हातातून घेतली, होती तिथे ठेवली, वह्या नीट लावल्या आणि म्हणाली, "जा, खेळ जा." त्यानंतर काका बारा वर्षे होते. बावन्नाव्या वर्षी यकृताच्या दुखण्याने गेले. त्या बारा वर्षांत महिन्याला किती बाटल्या येत, एकाच्या दोन कधी झाल्या, दोनाच्या चार कधी झाल्या, हे सांगू शकेल असा एकही माणूस त्या भरल्या वाड्यात नव्हता. ज्या फडताळात चार पिढ्यांचे पै-पैचे हिशेब होते, त्याच फडताळात एका माणसाचा हिशेब कोणी ठेवला नाही. लपविलेल्या बाटलीचा हा सर्वांत मोठा दोष : ती मोजता येत नाही.

म्हणून मी मांडणीच्या बाजूचा झालो. चोवीस घरांच्या मांडणीत एक घर रिकामे झाले की ते सूनबाईंना दिसते, वहिनींना दिसते आणि ज्याने रिकामे केले त्यालाही दिसते. कोणी कोणाला काही बोलण्याची गरज पडत नाही.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, वाइन म्हणजे दारू नव्हे. तिच्यासाठी एवढा धाक कशाला? जानेवारी २०२२ मध्ये महाराष्ट्र सरकारने मोठ्या किराणा दुकानांत वेगळ्या कपाटातून वाइन विकण्यास परवानगी देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा हेच वाक्य मोठमोठ्या व्यासपीठांवरून ऐकू आले आणि त्यावर मोठे वादळही उठले. तोही वाद शेवटी एका मांडणीचाच होता! द्राक्षबागाइतदारांचे हित त्यात आहे हे मला मान्य आहे. १९८२ साली नारायणगावला सुरू झालेला आणि २००१ च्या राज्य धोरणानंतर नाशिककडे फोफावलेला हा धंदा शेतकऱ्याच्या द्राक्षांवर उभा आहे. पण त्यासाठी अंकगणित बदलत नाही. वाइनमध्ये तेरा टक्क्यांच्या आसपास मद्यार्क असतो. पाऊण लिटरच्या बाटलीत जवळजवळ शंभर मिलिलिटर. आपल्याकडच्या व्हिस्कीच्या तीस मिलिलिटरच्या पेगांत सांगायचे तर एक बाटली म्हणजे साडेसात पेग, आणि चोवीस घरांची मांडणी म्हणजे एकशे ऐंशी पेग. जागतिक आरोग्य संघटनेने तर जानेवारी २०२३ मध्ये स्पष्टच सांगितले की, मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्याला निर्धोक म्हणता येत नाही. तेव्हा वाइनला वाइन म्हणा, द्राक्षासव म्हणा. मोजताना मात्र मद्य म्हणूनच मोजा.

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे, आणि तो वहिनींचा होता. त्या म्हणाल्या, "भाऊजी, मांडणी रिकामी दिसली की ती भरावीशी वाटते. तुम्ही जागा केलीत की वस्तू येणारच." याला माझ्याजवळ पूर्ण उत्तर नाही. आपल्याच जयविलास राजवाड्यातल्या जेवणघरात मेजावर रुळांवरून फिरणारी चांदीची आगगाडी आहे. तिच्या एकेका डब्यावर शिंदे घराण्याच्या नावाचे एकेक इंग्रजी अक्षर कोरलेले. जेवणानंतर पाहुण्यांपुढून ती मद्याच्या सुरया फिरवीत असे, आणि सुरई उचलली की गाडी थांबे असे सांगतात. लहानपणी आम्ही ती डोळे विस्फारून पाहिली. आज वाटते, मिरविण्यासाठी केलेल्या मांडणीचा तो कळसच. गाडी समोर येऊन उभी राहिली की नको म्हणणे किती जड गेले असेल! दिवे लावलेल्या, दिवाणखान्यात उभ्या केलेल्या आजच्या मांडण्या हीच गाडी आहेत, फक्त त्यांना चाके नाहीत. त्या माणसाला 'ये' म्हणतात. घरातली मांडणी अशी नसावी. ती पाहुण्याला दिसणारी नसावी, घरच्याला दिसणारी असावी. वहिनींच्या आक्षेपाला एवढाच उतारा मला सुचला : मांडणी लहान असावी, साधी असावी, जिना उतरून जावे लागेल अशा जागी असावी, आणि वर्षातून एकदा ती पूर्ण रिकामी व्हावी.

हा शेवटचा मुद्दा आम्हांला उन्हाळ्यानेच शिकविला. यंत्र बसवायचे नाही असे ठरल्यावर माझ्या वहीतले आकडे कामाला आले. तुळशीच्या लग्नाच्या सुमारास तळघर चोवीस अंशांवर उतरले आणि पौषात वीसवर आले. इतक्या उष्म्यात चार-साडेचार महिने ठेवलेल्या साध्या वाइनचे काही बिघडत नाही. बिघडते ते पुढच्या उन्हाळ्यात. म्हणून आम्ही नेम केला : मांडणी तुळशीच्या लग्नानंतर भरायची आणि पाडव्याला रिकामी करायची. त्यातून दोन-चार उरल्याच तर वरच्या लहान शीतकपाटात जातील. चैत्रात मांडणी बाहेर काढून उन्हात ठेवायची, वाळवी पाहायची, कोरड्या फडक्याने पुसायची. आपल्या बायकांनी पापड-कुरडया आणि लोणची यांचे वर्ष असेच ऋतूंना बांधून दिलेले आहे. वाइन या घरात राहणार असेल तर तिनेही घराचे पंचांग पाळावे.

आता कोणी म्हणेल, तळघराच्या चित्रांनी सुरू झालेली हौस अखेर पाऊण मीटर लाकडावर आली! आली खरी. पण मांडणी निवडताना आपण काय निवडतो? लाकूड की लोखंड हा प्रश्न अर्ध्या तासात सुटतो. किती ठेवायचे, कुठवर ठेवायचे आणि कोणाच्या डोळ्यांसमोर ठेवायचे, हे ठरविणे म्हणजे खरी निवड. ज्या घराला ही तीन उत्तरे देता आली त्याने हवी ती मांडणी घ्यावी. ज्याला देता आली नाहीत, त्याला फ्रान्समधले तळघर आणून दिले तरी उपयोग नाही.

या पाडव्याला गुढी उभारून झाल्यावर वहिनी नवी बरणी ठेवायला तळघरात उतरल्या. मी मागून वही घेऊन उतरलो. त्यांनी कट्ट्यावरच्या मांडणीकडे पाहिले. चोवीसही घरे रिकामी होती.

"यंदा किती लागल्या, भाऊजी?"

"बावीस."

"आणि दोन?"

"वर शीतकपाटात आहेत."

"लिहिलंय ना?"

"लिहिलंय," मी म्हटले, आणि वही त्यांच्या हातात दिली.